न झालेल्या लग्नाचा दाखला

डोंबिवलीत एखाद्या मुलाचं लग्न झालेलं नाही हे कुणाला सिद्ध करावं लागत नाही. तळमजल्यावरच्या काकूंना ते माहीत असतं, इस्त्रीवाल्याला माहीत असतं, आणि दर गणपतीत आरतीनंतर प्रसादाबरोबर ‘मग, यंदा काय?’ असा प्रश्न हातावर ठेवणाऱ्या प्रत्येकाला ते तोंडपाठ असतं. बत्तिशी गाठलेल्या मुलाचं अविवाहितपण ही आपल्याकडे सार्वजनिक मालमत्ता आहे. पण तोच मुलगा स्टुटगार्टला नोकरीला लागतो, तिथल्याच मुलीशी लग्न ठरवतो, आणि तिथल्या विवाह नोंदणी कार्यालयातली बाई त्याला शांतपणे सांगते, तुमचं लग्न झालेलं नाही याचा सरकारी कागद आणा. मुलगा घरी फोन लावतो. वडील चष्मा पुसत विचारतात, “न झालेल्याचा कागद? तो कोण देतं?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात झालेल्या लग्नांची नोंद असते, न झालेल्या लग्नांचं रजिस्टर अजून कुठल्याही महापालिकेनं उघडलेलं नाही. युरोपातल्या बऱ्याच देशांत माणूस जन्मला की त्याच्या नावाची नोंद सुरू होते आणि तिच्यात लग्न, घटस्फोट, पुन्हा लग्न असं सगळं चढत जातं. कारकुनानं ती उघडून पाहिली की झालं. आपल्याकडे झालेली लग्नंसुद्धा सगळी नोंदलेली नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं विवाहनोंदणी सक्तीची करायला सांगितलं ते २००६ साली. महाराष्ट्राचा नोंदणीचा कायदा १९९८चा. त्याआधी लग्न केलेल्या कल्याण-डोंबिवलीतल्या असंख्य आईवडिलांकडे आपल्या लग्नाचा पुरावा म्हणून काय आहे? एक अल्बम, त्यातले निम्मे फोटो चिकटलेले, आणि आहेर कोणी काय दिला याची वही. त्यांना स्वतःचं लग्न झाल्याचं सिद्ध करायला जड जाईल. मुलाचं झालेलं नाही हे ते कुठून सिद्ध करणार?

मग वाट कोर्टाकडे वळते. ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर टायपिंगवाले आणि नोटरी बसतात, त्यांना सगळं पाठ असतं. ‘मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की’ इथून सुरुवात, आणि पुढे मुलाचं नाव, वय, पत्ता, पासपोर्ट क्रमांक. शंभराच्या स्टॅम्पपेपरची सवय असलेल्यांना इथे पहिला धक्का बसतो, कारण ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात त्या कामांना पाचशेचा लागू लागला. काही देशांना मुलाचं प्रतिज्ञापत्र पुरत नाही, आईवडिलांचंही हवं असतं. ज्या वडिलांनी सात-आठ वर्षं प्रत्येक मुंजीत, प्रत्येक बारशात ‘अजून नाही हो जमलं’ हे वाक्य खालच्या आवाजात उच्चारलं, तेच आता नोटरीपुढे ते ठणकावून सांगतात, वर सही करतात आणि लाल शिक्का उमटेपर्यंत कागदावरचा हात काढत नाहीत.

एवढ्यानं भागत नाही, कारण नोटरीचा लाल शिक्का परदेशात कोणी ओळखत नाही. त्यासाठी १९६१ साली हेग शहरात देशांनी एकत्र येऊन अपोस्टिल नावाची सोय काढली: मूळ देशानं कागदावर एक ठरावीक चौकट छापून सही-शिक्का खरा आहे असं सांगायचं आणि बाकीच्या सदस्य देशांनी ते मुकाट्यानं मानायचं. भारत या करारात २००५ साली आला. कागदाला आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. मंत्रालयाची फी कागदामागे पन्नास रुपये. एजंट जे आकारतो ते ऐकून मुलाचे वडील पन्नासचा आकडा पुन्हा पुन्हा वाचतात.

एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी: अपोस्टिलमध्ये फक्त सही खरी असल्याची हमी असते, मजकुराची नसते. म्हणजे नोटरी खरा, शिक्का खरा, मंत्रालय खरं. मुलगा अविवाहित आहे की नाही हे अजून कुणीच पाहिलेलं नाही.

जर्मनीनं नेमकं हेच ताडलं असावं. भारत अपोस्टिलच्या करारात शिरताना जर्मनीनं आक्षेप नोंदवला, त्यामुळे भारतीय अपोस्टिल जर्मन कार्यालयाच्या दारात विरघळतं. त्याऐवजी जर्मन वकिलात भारतातल्या विश्वासातल्या वकिलामार्फत कागदांची शहानिशा करवते. हा वकील जन्मदाखला देणाऱ्या कार्यालयात जाऊन नोंदवही पाहतो, शाळेत विचारू शकतो, आणि वैवाहिक स्थितीचा प्रश्न असला तर घराच्या आसपासही चौकशी होऊ शकते. हे कळल्यावर डोंबिवलीकरांच्या मनात जर्मनीविषयीचा आदर एकदम दुणावतो. कारण लग्न ठरवताना स्थळाची चौकशी करायची हीच तर आपली पद्धत! मुलाच्या सोसायटीत ओळखीचं कोण, त्याच्या ऑफिसात आपल्या वहिनीचा भाऊ आहे का, रात्री किती वाजता घरी येतो, बाल्कनीत सिगारेटचा वास येतो का, हे सगळं मुलीचा मामा एका रविवारी काढून आणायचा. शेकडो वर्षांचं तत्त्वज्ञान आणि नोकरशाही कोळून प्यायलेला देश अखेरीस मामाच्याच पद्धतीवर आला. फरक एवढाच की इथे खर्च मुलाच्या खिशातून जातो आणि अहवाल यायला काही महिने लागतात. मामाचं काम संध्याकाळच्या चहापर्यंत संपायचं, खर्च लोकलच्या पासात भागायचा.

कल्पना करा, असा वकील फडके रोडच्या मागच्या एखाद्या सोसायटीत येतो. वॉचमन त्याला रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावतो. भेटीचं कारण या रकान्यात वकील ‘चौकशी’ लिहितो आणि तिथेच त्याचं निम्मं काम होतं, कारण तो शब्द लिफ्टच्या आधी तिसऱ्या मजल्यावर पोहोचतो. तळमजल्यावरच्या काकू दार उघडायच्या तयारीतच असतात. मुलाचं लग्न झालंय का, हा प्रश्न त्यांना गेल्या पाच वर्षांत अनेकांनी विचारला, पण कधी अधिकृतपणे नाही. त्या बारावीच्या टक्क्यांपासून सुरुवात करतात. मध्ये एक मुलगी ठाकुर्लीहून यायची, पण ती प्रोजेक्टची होती असं त्याची आई म्हणते, हेही त्या प्रामाणिकपणे नोंदवतात. वकिलाला एका शब्दाचं उत्तर हवं असतं. ते चाळीस मिनिटांनी आणि दोन लाडवांनंतर मिळतं. पण मिळतं ते इतकं पक्कं, की कुठल्याही देशाच्या लोकसंख्या नोंदवहीला त्याची सर येणार नाही.

खरी अडचण येते ती जन्मदाखल्यात. बाळंतपणं माहेरी, म्हणून दाखला डोंबिवलीचा नाही, चिपळूणचा किंवा वाईचा. जन्माची नोंद चार दिवसांत झालेली, बारसं बाराव्या दिवशी; त्यामुळे पुष्कळ जुन्या दाखल्यांवर आईचं नाव, वडिलांचं नाव, लिंग, तारीख सगळं आहे आणि बाळाच्या नावाची जागा मोकळी. जर्मन बाईंपुढे असा कागद गेला की त्यांना प्रश्न पडतो, हा मुलगा जन्मला हे मान्य, पण तो हाच कशावरून? त्याच घरातल्या कपाटात त्याच मुलाची पत्रिका असते. तिच्यात जन्मवेळ मिनिटांसकट, नक्षत्र, चरण, नाडी, गण, रास, जन्मस्थानाचे अक्षांश-रेखांश. जन्माविषयी इतकी काटेकोर माहिती जर्मनीतसुद्धा कुणी ठेवत नसेल. पण तिच्यावर नगरपालिकेचा शिक्का नाही, त्यामुळे ती बाद. मग नाव चढवून घ्यायला सुट्टी काढून चिपळूणला जाणं आलं. त्या कामाला धाकटा काका जातो आणि येताना दाखल्याबरोबर दोन डझन आंबेही घेऊन येतो.

जर्मन कायद्याला याशिवाय परक्या वधूवरांकडून ‘विवाहास पात्र’ असल्याचं त्यांच्या देशाचं प्रमाणपत्र हवं असतं. भारतात असं प्रमाणपत्र निघत नाही. म्हणून मग त्या प्रमाणपत्रातून सूट मिळावी असा अर्ज तिथल्या वरिष्ठ प्रादेशिक न्यायालयाच्या अध्यक्षांकडे जातो. एका डोंबिवलीकराच्या लग्नासाठी न्यायालयाचा अध्यक्ष कामाला लागतो, ही गोष्ट मुलाची आई भिशीत सांगते तेव्हा तिच्या सुरात तक्रार कमी आणि अभिमान जास्त असतो.

एवढं सगळं नको असलेली जोडपी गाडीत बसून डेन्मार्कला जातात. डेन्मार्कनं परक्यांची लग्नं लावण्यात नाव कमावलंय. एरो नावाच्या चिमुकल्या बेटावर तर यासाठी जगभरातून माणसं येतात. २०१९ पासून सगळे अर्ज एकाच सरकारी कार्यालयाकडे जातात, साक्षीदार नसतील तर नगरपालिका स्वतःचे दोन उभे करते. इथेही अविवाहित असल्याचा कागद लागतोच. पण तो कुठला चालतो? जर्मनीतल्या रहिवासी नोंदणी कार्यालयाचा. त्या कागदावर ‘अविवाहित’ असं छापलेलं असतं, आणि ते तसं का, तर मुलानं जर्मनीत पाऊल ठेवल्यावर पहिल्या आठवड्यात फॉर्ममध्ये स्वतःच तसं लिहिलं होतं. त्याच्या शब्दावर जर्मनीनं कागद दिला, त्या कागदावर डेन्मार्कनं लग्न लावलं, आणि ते लग्न जर्मनीनं मान्य केलं. कोर्ट नाका, मंत्रालय, अपोस्टिल, वकील आणि तळमजल्यावरच्या काकू, सगळ्यांना वळसा पडला. काकूंना हे समजू नये, एवढंच.

हा अविवाहितपणाचा ध्यास एकट्या जर्मनांचा नाही. प्रत्येक देशाला दुसऱ्यांदा लग्न करणाऱ्याची धास्ती आहे, फक्त तिच्यावरचा उतारा निराळा. फ्रान्समध्ये लग्नाची जाहीर सूचना नगरपालिकेबाहेर दहा दिवस लावतात आणि विधी चालू असताना खोलीचं दार उघडं ठेवतात, म्हणजे कुणाला आक्षेप असेल तर त्यानं सरळ आत यावं. त्याच फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षांच्या परवानगीनं मृत व्यक्तीशीही लग्न करता येतं. १९५९ साली मालपासे धरण फुटून शेकडो माणसं गेली, त्यात एका मुलीचा होणारा नवरा होता. तिच्या हट्टापायी संसदेनं कायदाच बदलला. जपानमध्ये विधी, हार, मंत्र यांतलं कायद्याला काही लागत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्यांचा फॉर्म वॉर्ड ऑफिसच्या खिडकीत सरकवला की लग्न झालं, आणि ती खिडकी रात्रीबेरात्रीही फॉर्म घेते. लास वेगासचं लायसन्स कार्यालय सकाळी आठ ते मध्यरात्रीपर्यंत, वर्षाचे सगळे दिवस उघडं असतं. बालीच्या समुद्रकिनारी लग्न करायचं स्वप्न असलेल्या ठाण्याच्या जोडप्याला मात्र इंडोनेशियाचा १९७४चा कायदा विचारतो, तुम्हा दोघांचा धर्म कोणता? कारण तिथे लग्न कुठल्या तरी धर्माच्या रीतीनं झालं तरच ते लग्न. म्हणूनच आपली बहुतेक शहाणी मंडळी इथे नोंदणी उरकून घेतात आणि फुकेतला जाऊन फक्त फोटो काढतात.

परक्या कायद्यांना हसायचं तर आपल्या घरातही डोकवावं. १९५४च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे वधूवरांपैकी एकानं त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेलं असावं लागतं, मग नोटीस द्यायची, आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात पुढचे तीस दिवस आक्षेपांची वाट पाहत लटकते. म्हणजे साठ दिवस. अमेरिकेतून येणाऱ्या मुलाची रजा तीन आठवड्यांची. त्यातला पहिला आठवडा जेट लॅगमध्ये आणि शेवटचा लोणच्याच्या बरण्या बॅगेत बसवण्यात जातो. ज्यांनी परदेशातल्या आपल्या वकिलातीत १९६९च्या परदेशी विवाह कायद्यानं लग्न करायचं ठरवलं, त्यांनाही तीसच दिवस आणि तीन साक्षीदार. आणि १८७२चा मूळ विशेष विवाह कायदा तर याहून भारी होता. नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कुठलाच धर्म मानत नाही असं जाहीर करावं लागे. लग्नासाठी देवाला सोडचिठ्ठी. ही अट पुढे १९२३ साली हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्यापुरती सैल झाली.

१८७२च्या त्या कायद्यानंतर दोनच वर्षांनी कल्याणची नऊ वर्षांची यमुना जोशी गोपाळरावांच्या घरी आनंदीबाई म्हणून आली. तिच्या लग्नाला सरकारनं एक कागदही मागितला नाही. अट घातली ती नवऱ्यानं, मुलीला शिकवू द्यावं लागेल अशी. आणि १८८६ साली ती मुलगी अमेरिकेतून डॉक्टर झाली. सरकारनं त्या काळी निदान वयाचा दाखला तरी विचारायला हवा होता, असं आज वाटतं.

आता ठाण्याची गोष्ट, जिच्यापुढे जर्मन वकील अगदीच सौम्य वाटावा. टेंभी नाक्याजवळ १८७९ साली बांधलेलं ‘शआर हाशामायिम’ हे सिनेगॉग आहे. कोकणातून आलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाचं. घरी मराठी बोलणारी, पेणकर-नवगावकर-रोहेकर अशी गावांची आडनावं लावणारी, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारी म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवली जाणारी, आणि एलियाहू नबीच्या नावानं पोह्यांचा मलिदा करणारी ही माणसं. इस्राएल झाल्यावर त्यांतली हजारो तिकडे गेली. तिकडे गेल्यावर कळलं की त्या देशात नोंदणी पद्धतीचं लग्नच नाही. ज्यूंचं लग्न रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्याच हाती. आणि १९६२ साली मुख्य रब्बींनी फर्मान काढलं: बेने इस्राएल समाजातल्या कुणाचं इतर ज्यूंशी लग्न लावायचं असेल तर त्यांच्या पूर्वजांची, जितकं मागे जाता येईल तितकं मागे जाऊन, चौकशी करा.

जितकं मागे जाता येईल तितकं! ज्या समाजाची दंतकथाच नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतापासून सुरू होते, त्यानं खापरपणजोबांच्या लग्नाचा दाखला कुठून आणायचा? अलिबाग तालुक्यातल्या कुठल्या तलाठ्याकडे? जर्मनीला निदान एका पिढीचं समाधान पुरतं. बेने इस्राएल गप्प बसले नाहीत. निदर्शनं झाली, धरणं धरलं गेलं, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेनं ठराव करून सांगितलं की हे सर्वार्थानं ज्यूच आहेत, त्यांना सगळे हक्क आहेत. त्यानंतर रब्बींनी फर्मानातली त्या समाजाची नावानिशी खूण काढून टाकली. लग्नाच्या एका कागदासाठी मराठी माणसांनी परक्या देशाच्या संसदेला बसायला लावलं, ही हकीकत आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हरकत नाही.

इस्राएलमध्ये रब्बींच्या हाताखालून जायचं नसेल तर आजही लोक विमानानं सायप्रसला जाऊन लग्न करून येतात, आणि परतल्यावर सरकार ते नोंदवून घेतं. अलीकडे तर विमानही नको. अमेरिकेतल्या युटा काउंटीनं २०२० पासून व्हिडिओवर लग्नं लावायला घेतली. तशी लग्नं नोंदवलीच पाहिजेत असं इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली सांगितलं. आपल्याकडेही मद्रास उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये अमेरिकेतल्या नवऱ्याशी कन्याकुमारीच्या मुलीचं लग्न व्हिडिओवरून लावायला परवानगी दिली. हे वाचून डोंबिवलीतल्या आयांपुढे एकच शंका उभी राहते: मुहूर्त कुठल्या घड्याळाचा धरायचा?

पण डेन्मार्कमध्ये लग्न केलेला आपला मुलगा अखेर सुनेला घेऊन घरी येतोच. आणि आईनं आधीच हॉल घेतलेला असतो, कारण नगरपालिकेच्या खोलीत अकरा मिनिटांत झालेल्या गोष्टीला ती लग्न मानायला तयार नाही. मुंडावळ्या येतात, अंतरपाट येतो, ‘सावधान’ होतं, जर्मन मुलीला नाव घ्यायला शिकवलं जातं. दुसऱ्या दिवशी उत्साही वडील विवाहनोंदणीचा फॉर्म घेऊन येतात. लग्नपत्रिका जोडली, तीन साक्षीदार झाले, गुरुजींना गाठून त्यांची सही घेतली. आणि मग एक रकाना येतो: विवाहाच्या वेळची स्थिती. पर्याय तीन: अविवाहित, विधुर, घटस्फोटित.

मुलगा पेन हातात धरून बसतो. हिंदू विवाहाचा कायदा म्हणतो, लग्नाच्या वेळी जोडीदार हयात नसावा. त्याचा आहे, समोरच बसून श्रीखंड खातो आहे. शिवाय तो कायदा दोन हिंदूंसाठी आहे आणि मुलगी जर्मन. म्हणजे हा फॉर्मच मुळात आपल्यासाठी नाही, नोंद व्हायची ती परदेशातल्या वकिलातीत, हे त्याला आत्ता सुचतं. वडील म्हणतात, “अविवाहित लिही, त्याचा नोटरी केलेला कागद आहे आपल्याकडे.”